कडाक्याची थंडी, धुके आणि व्यापाऱ्याचा प्रवास

ग्वाल्हेर, मुरैना, आग्रा या टापूत धान्याची घाऊक उलाढाल करणाऱ्यास डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हवामानाची दखल रोजमेळाइतक्याच काळजीने घ्यावी लागते. माल वखारीत तयार असतो, बिल्टी तयार असते, समोरच्या आडत्याचे दूरध्वनी चालू असतात; आणि सडक मात्र दिसत नसते. याच दिवसांत गोवा, बेळगाव, बडोदे, हैदराबाद, इंदूर येथील आपले बंधू खरेदीसाठी, संक्रांतीनंतरच्या लग्नकार्यांसाठी किंवा सोनागिरीच्या दर्शनासाठी इकडे येतात. निघण्यापूर्वी ते आम्हांस हटकून एक प्रश्न विचारतात, ‘तिकडे थंडी किती आहे हो?’ आम्ही आकडा सांगतो आणि त्या आकड्याप्रमाणे ते लोकरीचे कपडे बांधतात. परंतु प्रवासाच्या दृष्टीने हा प्रश्न अपुरा आहे. विचारावयास हवे ते असे की, ‘तिकडे वारा आहे का, आणि सकाळी समोरचे घर दिसते का?’ किमान तपमान ३ अंश असूनही गाड्या बऱ्याच अंशी वेळेवर धावतात आणि ते १० अंश असताना सगळा मार्ग ठप्प होतो, हे ज्याने पाहिले नाही त्यास नवल वाटेल. त्याचे कारण उलगडून सांगावे आणि त्यावरून प्रवासाचा व मालाच्या रवानगीचा बेत कसा आखावा हे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हवामान खात्याच्या पत्रकात हिवाळ्यात तीन शब्द वारंवार येतात : थंडीची लाट, थंड दिवस आणि धुके. सामान्य वाचक या तिन्हींस ‘थंडी पडणार’ एवढ्या एकाच अर्थाने घेतो. परंतु खात्याच्या हिशेबी ही तीन निरनिराळी खाती आहेत. मैदानी प्रदेशात किमान तपमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीहून ४.५ ते ६.४ अंशांनी खाली गेले असेल, तर ती थंडीची लाट. त्याहूनही अधिक खाली गेले तर तीव्र लाट. सरासरी कितीही असो, पारा ४ अंशांवर अथवा त्याखाली आला की लाट आणि २ अंशांवर अथवा त्याखाली आला की तीव्र लाट, असाही दुसरा नियम आहे. ग्वाल्हेरसारख्या गावी जानेवारीतील रात्रीचे सरासरी तपमान मुळातच ७ अंशांच्या आसपास असल्याने आम्हांस हा ४ अंशांचा नियमच आधी लागू पडतो. हैदराबादेस १० अंश म्हणजे लाटेची गोष्ट झाली. आमच्याकडे १० अंशांची रात्र म्हणजे हमाल एक घोंगडी कमी पांघरतात. समुद्रकाठच्या ठिकाणांसाठी ही मर्यादा १५ अंशांची धरलेली आहे. म्हणून गोव्याच्या बंधूने वृत्तपत्रात ‘लाट’ हा शब्द वाचला तर ती कोणत्या गावची लाट हे आधी पाहावे.

‘थंड दिवस’ हे दुसरे खाते. यात रात्रीचा नव्हे तर दुपारचा आकडा पाहतात. किमान तपमान १० अंशांखाली असून दिवसाचे कमाल तपमान सरासरीहून ४.५ अंश किंवा अधिक खाली राहिले, म्हणजे तो थंड दिवस. दिल्लीचे उदाहरण बोलके आहे. ३० डिसेंबर २०१९ रोजी सफदरजंग येथे दिवसाचे कमाल तपमान ९.४ अंशांवरच अडकले. १९०१ पासूनच्या नोंदींत डिसेंबरमधील इतका गार दिवस तेथे आढळला नव्हता. त्याच ठिकाणी १६ जानेवारी १९३५ रोजी रात्रीचा पारा शून्याखाली ०.६ अंशावर गेल्याची नोंद आहे. तीस डिसेंबरची रात्र त्या रात्रीच्या जवळपासही गेली नव्हती. हाल झाले ते दिवसा ऊन न पडल्यामुळे. उन्हाविना दिवस जातो तेव्हा त्यामागे बहुधा धुके किंवा धुक्याचा वर चढलेला थर असतो, आणि तोच प्रवाशाचा खरा वैरी.

आता हे सर्व येते कोठून, ते पाहू. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानावरून हवेचे भोवरे पूर्वेकडे सरकत येतात. त्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात. असा विक्षोभ जवळ आला की आकाश ढगाळते, हिमालयात बर्फ पडते, पंजाबपासून आमच्या चंबळ खोऱ्यापर्यंत थोडाफार पाऊस होतो; आमच्याकडे त्यास ‘मावठा’ म्हणतात. ढगांची दुलई वर असल्यामुळे जमिनीची ऊब रात्री निसटून जात नाही आणि रात्र उलट उबदार वाटते. नेमक्या याच वेळी पाहुणे म्हणतात, थंडी ओसरली. वास्तविक ती यावयाची असते. विक्षोभ पुढे सरकतो, आकाश निवळते, आणि बर्फाच्या डोंगरांकडून वायव्येचा कोरडा वारा खाली उतरतो. एक-दोन दिवसांत पारा धाडकन खाली येतो.

येथे दोन वाटा फुटतात आणि व्यापाऱ्याने नेमके येथेच लक्ष द्यावे. वायव्येचा वारा टिकून राहिला तर हवा कोरडी राहते, रात्री चांदणे स्वच्छ पडते, गारठा हाडांपर्यंत जातो, परंतु धुके विशेष धरत नाही. ही थंडीची लाट. शरीरास ती जाचक, पण सडक मोकळी. याउलट पावसाने जमीन ओली आहे, गव्हाला नुकतेच पाणी दिलेले आहे आणि वारा पडला, तर मात्र रात्री जमीन निवते, तिच्या लगतची दमट हवा निवते, आणि हवेतील बाष्पाचे बारीक कण होऊन धुके धरते. वर उबदार हवा व खाली गार हवा अशी उलटी उतरंड झाली की हा थर झाकणाखाली कोंडल्यासारखा राहतो. त्यात चुलींचा, वीटभट्ट्यांचा, गाड्यांचा धूर मिसळतो. ऊन वरच्या वर परावर्तित होते, जमीन तापत नाही. जमीन तापत नाही म्हणून धुके उठत नाही. आणि धुके उठत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशी माळ आठ-आठ दिवस चालू शकते. ती तोडतो तो बहुधा पुढल्या विक्षोभाचा वारा. ज्या थंडीने हाडे गोठतात ती प्रवासास बरी आणि जी नुसती कुंद वाटते ती वाईट, असा हा उफराटा व्यवहार आहे.

धुके सगळीकडे सारखे नसते. पंजाबपासून बिहारपर्यंतच्या गंगा-यमुनेच्या मैदानात त्याचे मुख्य ठाणे; आमचा ग्वाल्हेर-चंबळ भाग हे त्याचे दक्षिणेकडील दार. झाशी ओलांडून सागर, नागपूरच्या दिशेने उतरले की ते झपाट्याने विरळ होते. बडोद्याहून रतलाम-कोटामार्गे येणाऱ्यास ते भरतपूर-मथुरेच्या सुमारास गाठते. इंदुरास थंडी कडक, पण माळव्याच्या पठारावर धुक्याचा असा मुक्काम नसतो. एकाच रस्त्यावरही फरक पडतो : नदीचे पात्र, कालव्याची काठवाट, ओलिताची शेते येथे ते दाट. मुरैना आणि धौलपूर यांच्यामधील चंबळेचा पूल हे आमच्याकडील सर्वांस ठाऊक असलेले ठिकाण. अलीकडे दोन फर्लांग दिसते आणि पुलापाशी स्वतःच्या गाडीचे नाक दिसत नाही. वेळेचेही असेच. मध्यरात्रीपासून ते वाढत जाते आणि पहाटेपासून सूर्योदयानंतर तास-दीड तासापर्यंत सर्वांत दाट असते. सूर्य उगवला की धुके गेले, ही समजूत चुकीची. उगवत्या उन्हाने हवा किंचित हलू लागली की प्रथम ते क्वचित अधिकच दाटते आणि मग विरते.

या पार्श्वभूमीवर खात्याचा अंदाज वाचला तर तो पुष्कळ उपयोगी पडतो. हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्य ठाणे काही काळ शिमल्यास होते आणि १९२८ साली ते पुण्यास आले. पुण्याच्या शिवाजीनगरातील चौकास आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते यामुळेच. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, नाव मात्र पुणेकरांनी ठेवून घेतले. असो. सांप्रत खात्याचे पत्रक हातातील दूरध्वनीवर मिळते, जिल्हावार मिळते आणि रंगांच्या खुणांनी मिळते : हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, तांबडा म्हणजे पावले उचला. धुक्याच्या बाबतीत शब्दांनाही मोजमाप आहे. १००० मीटरांच्या आतील दिसू नये तेथून धुके सुरू होते. ५०० ते २०० मीटरपर्यंत मध्यम, २०० ते ५० पर्यंत दाट, आणि ५० मीटरांपलीकडचे दिसेनासे झाले म्हणजे अति दाट. ५० मीटर म्हणजे विटी-दांडूचे मैदानही नव्हे.

‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांवरून आमच्या पेढीवर नेहमी वाद होतात. कोणी म्हणतो, तुरळक म्हणजे काही नाहीच. तसे नव्हे. खात्याच्या परिभाषेत त्या विभागातील जास्तीत जास्त चौथाई केंद्रांवर असा त्याचा अर्थ आहे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यांपर्यंत, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे पाऊणांपर्यंत. तुरळक ठिकाणी अति दाट धुके, असे पत्रक असेल आणि आपली गाडी तीनशे किलोमीटर जाणार असेल, तर त्या तुरळकांपैकी एखादे ठिकाण वाटेत लागणारच असे धरून चालावे. दुसरी गोष्ट तारखेची. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. सोमवारच्या अंदाजात मंगळवारची पहाट असते. हे न कळल्याने पुष्कळ जण एका दिवसाची गफलत करतात आणि दोष खात्यास देतात.

अंदाजावर भरवसा किती ठेवावा? आमचा अनुभव असा की थंडीची लाट येणार हे खाते तीन-चार दिवस आधी चांगले सांगते. विक्षोभ दुरून येताना दिसतो, त्यामागचा वाराही दिसतो. धुक्याचे तसे नाही. रात्र धुक्यास पोषक आहे एवढे सांगता येते. कोणत्या मैलावर किती दाट, हे आदल्या दिवशी कोणी सांगू शकत नाही, कारण अर्धा अंश गारवा आणि वाऱ्याची एक झुळूक एवढ्यावर ते ठरते. म्हणून आमची रीत अशी : दर गुरुवारी खाते पुढील दोन आठवड्यांचा जो स्थूल अंदाज देते त्यावरून सौद्याची मुदत ठरवावयाची, पाच दिवसांच्या अंदाजावरून निघण्याचा दिवस ठरवावयाचा, आणि निघण्याचा तास मात्र त्या दिवशीच, दर तीन तासांस मिळणाऱ्या सूचनेवरून आणि रस्त्यावरच्या माणसाला विचारून. धौलपूरच्या धर्मकाट्यावर काम करणारा मुनीम खिडकीतून पाहून जे सांगतो ते कोणत्याही नकाशाहून ताजे असते.

मालमोटारीच्या बाबतीत आम्ही थोडे अधिक लिहितो, कारण तेथे गोष्ट जिवाशी येते. साधा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदास जवळजवळ १७ मीटर जाते. समोर ५० मीटर दिसत असेल तर उभी असलेली गाडी दिसल्यापासून तिच्यावर आदळेपर्यंत तीन सेकंद मिळतात. त्यातील एक-दीड सेकंद चालकाच्या ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत जातो. उरलेल्या पंचवीस-तीस मीटरांत, दवाने ओल्या झालेल्या सडकेवर, दोन-अडीचशे क्विंटल गहू लादलेली गाडी उभी राहत नाही. कितीही वाकबगार चालक असो, हे गणित त्याच्यासाठी बदलत नाही. आणि मागून येणाऱ्याचेही गणित हेच असल्याने एक गाडी आदळली की एकामागून एक पाच-दहा गाड्या येऊन धडकतात.

म्हणून या दोन महिन्यांत आमच्या वखारीतून गाडी सकाळी दहाच्या आत निघत नाही आणि रात्री दहानंतर ती ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात, सडकेपासून आत, उभी केली जाते. धुक्यात सापडल्यास दिव्याचा झोत खाली ठेवावा. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. काच थोडी उघडी ठेवावी, कारण डोळे चालत नाहीत तेथे कान चालतात. सडकेवर मध्येच थांबू नये, डांबर सोडून खाली उतरावे; आणि उभे राहिल्यावर माणसांनी गाडीत किंवा गाडीमागे न थांबता बाजूस दूर व्हावे. फाळक्यास मागील बाजूने चकाकणारी तांबडी-पिवळी पट्टी लावण्यास जो खर्च येतो तो एका पोत्याच्या किमतीहूनही कमी असतो. तरी पट्ट्या पुसट झालेल्या अथवा शेणामातीने माखलेल्या गाड्या आम्ही मंडीच्या दारात रोज पाहतो.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका परगावच्या खरेदीदाराने हरभऱ्याची गाडी रातोरात आग्र्यास पोहोचलीच पाहिजे असा आग्रह धरला. उशीर झाल्यास भावात कपात करू, असेही कळविले. आमच्याकडील जुन्या चालकाने हात जोडले आणि म्हटले, ‘शेठजी, कपात मला कापा, पण आज गाडी काढायला सांगू नका.’ गाडी थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती निघाली तेव्हा त्याच मार्गावर रात्री आदळलेल्या तीन गाड्या क्रेनने ओढून बाजूस केल्या जात होत्या आणि सांडलेला गहू पोलीस पाट्यांनी गोळा करवीत होते. खरेदीदाराने कपात केली ती केलीच. आम्ही ती चालकाच्या नव्हे, पेढीच्या खर्ची टाकली.

रेल्वेचा प्रवास यामानाने सुरक्षित. तेथे प्रश्न वेळेचा. चालकास सिग्नल दिसला नाही तर गाडी पुढे कशी न्यावयाची, ही जुनी अडचण आहे. धुक्याच्या दिवसांत सिग्नलच्या अलीकडे २७० मीटरांवर रुळांवर फटाके बांधण्याची पद्धत होती आणि अजूनही ठिकठिकाणी आहे. इंजिनाच्या चाकाखाली फटाका वाजला की चालक समजतो, सिग्नल आला. अलीकडे इंजिनात उपग्रहाच्या साहाय्याने चालणारे एक यंत्र ठेवतात. पुढील सिग्नल कोणता आणि किती अंतरावर आहे हे ते आधी सांगते. या यंत्रामुळे धुक्यातील वेगमर्यादा ताशी ६० वरून ७५ किलोमीटर करता आली. ही सावधगिरी अनाठायी नव्हे. २ जानेवारी २०१० रोजी दाट धुक्यात कानपूरजवळ पनकी येथे गोरखधाम एक्स्प्रेस पुढील प्रयागराज एक्स्प्रेसवर मागून आदळली आणि माणसे दगावली. गाडी चार तास उशिरा आली म्हणून फलाटावर स्टेशनमास्तरांशी भांडणाऱ्या बंधूंनी हे स्मरणात ठेवावे.

उशीर होणारच असेल तर तो कोणत्या गाडीस कमी होईल हे मात्र आधी ताडता येते. जी गाडी धुक्याच्या मुलखातून लांबून येते ती उशिरा येणार; आणि तीच गाडी उलट फिरून परत जात असल्याने निघतानाही उशिरा निघणार. दक्षिणेकडून येणारी गाडी झाशीपर्यंत बहुधा बरी येते, खोळंबा होतो तो पुढे. वास्को-द-गामाहून निघणारी गोवा एक्स्प्रेस बेळगाव, पुणे, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर करीत दिल्लीस निजामुद्दीनला जाते; आपल्या वाचकांपैकी निम्म्यांच्या गावांवरून ती जाते म्हणा ना. तिने ग्वाल्हेरला येणाऱ्यास फारसा त्रास होत नाही. परतताना मात्र ती दिल्लीहून किती उशिरा सुटली हे पाहूनच घरातून निघावे. १३९ या क्रमांकावर ही माहिती मिळते. आपल्या स्थानकावर गाडी तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि प्रवास करावयाचा नसेल, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात; अट एवढीच की गाडी तेथून प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी मागणी नोंदविली पाहिजे. नंतर गेल्यास हा हक्क राहत नाही. शिवाय दरवर्षी डिसेंबर ते फेब्रुवारीत रेल्वे काही गाड्या धुक्यामुळे आधीच रद्द करते किंवा त्यांच्या फेऱ्या कमी करते. ती यादी पाहिल्यावाचून तिकीट काढू नये.

विमानाविषयी थोडक्यात. दिल्लीच्या विमानतळावर ५० मीटर दिसत असले तरी विमान उतरविण्याची सोय आहे. परंतु त्यासाठी विमानही तसे हवे आणि वैमानिकही तसा शिकलेला हवा. उड्डाणास साधारण १२५ मीटर दिसावे लागते. म्हणून विमाने उतरतात पण उडत नाहीत, असाही प्रकार घडतो. हैदराबाद किंवा गोव्याच्या बंधूंनी या दिवसांत पहाटेचे विमान टाळून दुपारचे घ्यावे, आणि त्याच दिवशी पुढली आगगाडी ठरवू नये.

आता देहाविषयी. दक्षिणेतील माणसास उत्तरेची थंडी नवी नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतापूर्वी आपल्या फौजेला उपासमारीइतकेच त्या थंडीनेही ग्रासले होते. एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, कारण त्यांमध्ये कोंडलेली हवाच ऊब धरते. कान, मान आणि पाय झाकावेत. ओले मोजे ताबडतोब बदलावेत. ज्यांस रक्तदाबाची किंवा हृदयाची व्यथा आहे त्यांनी पहाटेचे फिरणे ऊन पडेपर्यंत लांबवावे, कारण गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात व दाब चढतो. औषधे बेताच्या दिवसांपेक्षा तीन दिवस अधिक बरोबर घ्यावीत. कोणी थंडीने कुडकुडत असता कुडकुडणे एकाएकी थांबले आणि बोलणे जड झाले तर त्यास बरे वाटू लागले असे समजू नये. तो धोक्यात आहे, त्यास आत नेऊन कोरडे कपडे द्यावेत व वैद्य बोलवावा. दारूने ऊब येते ही ट्रकवाल्यांतील समजूत तर सर्वस्वी खोटी. तिने रक्त कातडीकडे धावते, कातडी गरम वाटते आणि आतील ऊब बाहेर जाते.

एक गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. बंद खोलीत, धर्मशाळेत वा मोटारीच्या केबिनमध्ये कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. कोळसा अर्धवट जळताना जो विषारी वायू निघतो त्यास वास नाही, रंग नाही. निजलेला माणूस जागा न होताच जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, आणि त्यांत बहुधा चौकीदार, चालक, हमाल असतात. आपल्या वखारीवर रात्री राखणीस असणाऱ्या माणसास दोन चांगल्या रजया देणे हे मालकाचे काम आहे. त्याने शेगडी आत नेऊ नये असे नुसते बजावून भागत नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नेम पाळणाऱ्यांस या दिवसांत वेगळीच अडचण येते. डिसेंबरअखेर ग्वाल्हेरास सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. चार वाजता यावयाची गाडी आठला येते, आणि घरी पोहोचून जेवू म्हणणारे वडीलधारे त्या थंडीत उपाशी राहतात. आमचा सल्ला असा की गाडीची वेळ काहीही असो, घड्याळात चार वाजले की डबा उघडावा. खाकरे, दशम्या, तीळ-गुळाचे लाडू असे दोन दिवस टिकणारे आणि अंगात ऊब आणणारे पदार्थ बरोबर घ्यावेत. उकळलेले पाणी थर्मासमध्ये भरून घ्यावे. धुक्यात सूर्य दिसतच नाही, तेव्हा अस्ताची वेळ पंचांगातून आधीच लिहून ठेवावी.

मालाविषयी दोन शब्द. धुक्याच्या सकाळी उघड्यावर रचलेल्या पोत्यांचे बारदान दव शोषते आणि वजन-काट्यावर ते धान्याचेच वजन म्हणून चढते. मग पलीकडे पोहोचल्यावर घट निघते आणि भांडण होते. गव्हात ओल १२ टक्क्यांच्या आत असावी हा सर्वसाधारण दंडक. वरची थप्पी ओली असेल तर ती बोटांना कळते, पण आत दडपलेली कळत नाही. म्हणून लादणी दुपारी करावी आणि ताडपत्री गाडी निघताना नव्हे, सायंकाळ होण्यापूर्वी घालावी.

थंडीच्या अंदाजाचा मंडीतील भावांवर होणारा परिणाम हा स्वतंत्र विषय आहे. इतके मात्र नमूद करतो की ‘थंडीची लाट’ हे शब्द छापून येताच हरभरा, तूर, वाटाणा, मोहरी यांवर पाला पडला अशी आवई उठते आणि भाव उसळतो. पाला पडण्यास निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि पानाशी शून्याजवळ गेलेला पारा अशा तिन्ही गोष्टी लागतात. वारा वाहत असेल तर लाट असूनही पाला पडत नाही. धुके दाट असेल तरी सहसा नाही. गव्हास तर हा गारवा मानवतोच. तेव्हा आवई ऐकून खरेदी करण्यापूर्वी शेतावर माणूस पाठवावा. निफाडच्या द्राक्षबागाईतदार रात्रीच्या शेकोट्या पेटवितात ते अंदाज वाचूनच. व्यापाऱ्याने तोच अंदाज अर्धवट वाचून सौदा करावा हे बरे नव्हे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आजमितीस धुक्यामुळे झालेल्या विलंबाचा बोजा कोणी सोसावा याविषयी आपल्यात ठरलेला असा दंडक नाही. खरेदीदार मुदतीवर बोट ठेवतो, विक्रेता वाहतूकदारास दटावतो, वाहतूकदार चालकास. आणि अखेर जो मनुष्य धुक्यात चाकावर बसतो त्याच्याशी कोणी करारच केलेला नसतो. मंडळाने असा ठराव करावा की १५ डिसेंबर ते ३१ जानेवारी या काळात झाशीच्या उत्तरेस पोहोचवावयाच्या किंवा तेथून निघावयाच्या मालास तीन दिवसांची सवलतीची मुदत आपोआप लागू समजावी; त्या मुदतीत भावात कपात मागू नये; आणि वाटेतील जिल्ह्यासाठी हवामान खात्याचा नारिंगी अथवा तांबडा इशारा असेल तेव्हा गाडी थांबविल्याबद्दल चालकाचे भाडे कापू नये, उलट मुक्कामाचा भत्ता माल पाठविणाऱ्याने द्यावा. सौदा-पावतीच्या मागील बाजूस या अर्थाच्या तीन ओळी छापल्या म्हणजे पुरे. दर पावतीमागे त्यास येणारा खर्च काही पैशांचा आहे. पुढील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा अशी आमची विनंती असून, हैदराबाद व बडोदे येथील खरेदीदार बंधूंनी आपले मत त्यापूर्वी लेखी कळवावे.